साठ दिवसांची रोपं

न्यू जर्सीतला मार्च महिना मोठा फसवा असतो. सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि दुपारी जॅकेट काखेत मारून फिरायचं. मागच्या अंगणात कुंपणाच्या सावलीत मळकट बर्फाचा ढीग अजून पडलेला असतो, आणि माझ्यासारख्या हौशी लोकांच्या तळघरात मात्र उन्हाळा सुरू झालेला असतो. एक लोखंडी मांडणी, तिला टांगलेले दोन एलईडी दिवे, खाली प्लास्टिकच्या ट्रे आणि त्यात टोमॅटोचं बी. आमच्याकडे हा सोहळा गेली पाच वर्षं चालू आहे. मुलगी त्याला 'बाबांचं दुसरं ऑफिस' म्हणते.

गेल्या वर्षी मात्र पहिलं ऑफिसच बंद झालं.

९ मार्चला, रविवारी, मी बी पेरलं. त्याच दिवशी इथली घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. बुधवारी, १२ तारखेला, सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटांची मीटिंग आली. आमच्या टीममधले सहा जण एकदम कमी केले. दुपारी लॅपटॉप परत करायचा डबा कुरिअरने निघाल्याची ईमेलही आली. एच-वन व्हिसावर असलेल्यांना पुढचं सांगायला नको. नोकरी गेल्यापासून साठ दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल केला तर ठीक, नाही तर बॅगा भरायच्या. बायकोचा व्हिसा माझ्यावर अवलंबून, मुलगी किंडरगार्टनमध्ये, घरावर कर्ज. मी फोनमध्ये मोजलं. साठावा दिवस येत होता ११ मे.

संध्याकाळी तळघरात गेलो तेव्हा भिंतीवरचा कागद दिसला. त्यावर मीच लिहून ठेवलं होतं : 'रोपं बाहेर लावणे – मदर्स डे, ११ मे'. आमच्या भागात टोमॅटो मदर्स डेच्या सुमाराला लावायचा असा जुना रिवाज आहे. त्याआधी रात्री थंडी कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणजे ट्रेमधल्या बियांना जेवढे दिवस होते, साधारण तेवढेच मला होते. आणि बी तर अजून उगवलंही नव्हतं.

मी लावतो ती सगळी 'एअरलूम' वाणं. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर गावरान. व्याख्या काही कायद्याने ठरलेली नाही, पण साधारण पन्नास वर्षांहून जुनं, कुटुंबाकुटुंबांतून हाती आलेलं आणि ज्याचं बी धरून पुन्हा पेरलं तर तेच फळ मिळतं असं वाण. हायब्रीडचं तसं नसतं. त्याची पहिली पिढी जोमदार, पण त्याच फळातलं बी पेरलं तर काय निघेल याचा नेम नाही. म्हणून दरवर्षी नवं बी विकत घ्यावं लागतं.

इथे या जुन्या वाणांना चांगलेच दिवस आले आहेत. १९७५ मध्ये केंट आणि डायान व्हीली या जोडप्याने बियांची देवाणघेवाण सुरू केली. डायानच्या आजोबांनी तिला एका टोमॅटोचं आणि एका जांभळ्या फुलवेलीचं बी दिलं होतं, तिच्या पूर्वजांनी बव्हेरियाहून आणलेलं. त्यातूनच आजची आयोवातल्या डेकोरा गावची सीड सेव्हर्स एक्स्चेंज उभी राहिली. जानेवारीत बियांचे कॅटलॉग पोस्टाने येतात, तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ असतो आणि मी दिवाळी अंक वाचावा तसा ते वाचत बसतो. प्रत्येक वाणामागे गोष्ट. 'चेरोकी पर्पल' घ्या. मळकट जांभळा, दिसायला मुका मार लागल्यासारखा, पण चवीला एक नंबर. १९९० मध्ये टेनेसीतल्या एका माणसाने त्याचं बी क्रेग लेहुलियर नावाच्या बियाण्यांच्या शौकीन रसायनशास्त्रज्ञाला पत्रातून पाठवलं. हे वाण मुळात चेरोकी लोकांकडून आलं असं त्या पत्रात होतं, म्हणून हे नाव. आमच्या राज्याचा स्वतःचा टोमॅटो म्हणजे 'रटगर्स'. इथल्या विद्यापीठाने १९३४ मध्ये काढलेला, एके काळी सूपच्या डब्यांत आणि घराघरांत हाच असायचा.

आणि माझा लाडका 'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे शब्दशः 'कर्जफेड्या'. वेस्ट व्हर्जिनियात लोगन नावाच्या गावी एम. सी. बाइल्स हा गृहस्थ गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचा, म्हणून त्याला 'रेडिएटर चार्ली' म्हणत. शेतीशास्त्राचं शिक्षण शून्य. १९३०च्या मंदीत त्याने मोठमोठ्या फळांची झाडं एकत्र लावून, हाताने परागीकरण करून, वर्षानुवर्षं निवड करत एक दणदणीत टोमॅटो तयार केला. मग १९४०च्या दशकात एकेक रोप एका डॉलरला विकून घरावरचं सहा हजार डॉलरचं कर्ज फेडलं.

ही गोष्ट मी पूर्वी नानांना सांगितली होती. नाना म्हणजे माझे वडील. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या अलीकडे. टोमॅटोचं नारायणगाव मार्केट ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. नानांनी आयुष्यभर बांबू-तारेवरचा हायब्रीड टोमॅटो केला. कधी क्रेटला असा भाव की घरात पेढे यायचे, कधी असा की वाहतूकही सुटत नाही म्हणून माल बांधावर ओतलेला. गोष्ट ऐकून ते हसले आणि म्हणाले, ''आमच्याकडं उलटं हाय बाबा. आमचा टोमॅटो कर्ज काढायला लावतो.''

नोकरी गेल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. आईला रक्तदाबाचा त्रास, उगीच घोर कशाला. बायकोशी बोलून ठरवलं, नवीन काही हातात आलं की मगच सांगू.

पहिलं रोप १५ मार्चला उगवलं. त्यानंतर रोज दोन-चार. १७ मार्चला सेंट पॅट्रिक्स डे, त्या दिवशी मटार पेरायचा अशी इथली जुनी पद्धत. माती बोटांना झोंबण्याइतकी गार असते, पण मटाराला ते चालतं. मटार, पालक, मुळा, लेट्यूस ही थंडी सोसणारी मंडळी. मेथीही एप्रिलमध्ये छान येते. टोमॅटो, वांगी, मिरची मात्र नाजूक. रात्रीचं तापमान दहा अंश सेल्सियसच्या वर टिकायला लागेपर्यंत त्यांना बाहेर काढायचं नाही.

सकाळी उठून मी अर्ज करायचो. रिझ्युमे बदल, रेफरल माग, कोडिंगचे सराव प्रश्न सोडव. दोन तासांनी डोकं भणभणलं की तळघरात. रोपं बघायची, पाणी घालायचं. परत वर. परत अर्ज. परत खाली. दहा-बारा दिवसांत 'ब्रँडीवाइन' या वाणाची रोपं माना टाकायला लागली. आज उभं असलेलं रोप उद्या मुळाशी बारीक होऊन आडवं.

नानांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडचे सकाळचे अकरा म्हणजे गावाकडे रात्रीचे साडेआठ. त्यांनी चष्मा चढवला, फोन नाकाजवळ नेला.

''पाणी किती वेळा घालतोस?''

''दिवसातनं तीन-चार वेळा. थोडं थोडं.''

''आरं, बुडवलीस की. रोपं कोलमडायला लागली की पाणी तोडायचं असतं. वरनं घालूच नको. ट्रेच्या खाली थोडं ठेव, घेतील ती वर. आन पंखा लाव बारीक.'' थोडं थांबून म्हणाले, ''आन मंगळवारी सकाळी तू घरी कसा? मागच्या मंगळवारीबी घरीच होतास.''

मी म्हटलं, ''घरून काम आहे, नाना.''

''बरं,'' म्हणाले, आणि विषय वाढवला नाही. पण जाता जाता बोलले, ''काळजी लागली ना, की माणूस झाडाला जास्त पाणी घालतो. मीबी घातलंय.''

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. साठ दिवस काय, व्हिसा काय. ते ऐकत राहिले. मला वाटलं, 'ये परत, आपली शेती आहे' असं काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, ''तुझ्या आजीच्या विहिरीकडच्या तुकड्याचं आठवतंय का?''

आठवत होतं. विहिरीजवळची पाच-सहा गुंठे जागा आजीची. बांधावर वालाचे वेल, आत वांगी, मिरच्या, घोसाळी आणि चपटा, घड्या पडलेला आंबट टोमॅटो, त्याला ती बेलवांगी म्हणायची. बी राखेत घोळून डब्यात. वेलावरची सगळ्यात चांगली शेंग बियाला, असा तिचा नियम. आम्ही पोरांनी हात लावला तर पाठीत धपाटा.

नाना म्हणाले, ''दोन हजार सातला तुला पुण्यात इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळाली. फी, हॉस्टेल, सगळं आलं. मग तो तुकडाबी मोडला. ठिबक केलं, हायब्रीड लावलं. त्या वर्षी भाव घावला आन तुझी पहिल्या वर्षाची फी निघाली. आई काय बोलली नाही. पण चार दिवस विहिरीकडं फिरकली नाही.''

हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा अठरा वर्षांचा, पुण्यात हॉस्टेलवर. दिवाळीला घरी आलो तेव्हा विहिरीजवळ चकचकीत मल्चिंग पेपर आणि सरळ रांगा बघून मला तर भारीच वाटलं होतं. पुढे आजी गेली. काही वर्षांनी डबा उघडला तेव्हा वालाला भुंगा लागला होता आणि बेलवांग्याचं बी उगवलंच नाही. बी दरवर्षी नाही तर दोन-तीन वर्षांनी तरी मातीत जावं लागतं, नुसतं जपून ठेवून टिकत नाही.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तळघरातच बसलो होतो. पाच वर्षं मी मित्रांना गावरान बियाण्यांचं महत्त्व सांगत होतो. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचं नाव आवर्जून घ्यायचो. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने शेकडो वाणं जपली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे अभिमानाने सांगायचो. आणि आमच्याच घरचं बी माझ्या फीपायी मोडलं होतं. नानांना त्याबद्दल दोष द्यायची माझी हिंमत नाही. हायब्रीड नसतं तर मी हा लेख इथे बसून लिहीत नसतो. डॉलरमध्ये पगार असताना गावरान टोमॅटो लावणं सोपं असतं. माल तडकला तर मी त्याची चटणी करतो. नानांना तो नारायणगावपर्यंत आणि तिथून पुढे दिल्लीपर्यंत पोचवायचा असतो.

पाणी तोडलं, पंखा लावला. 'ब्रँडीवाइन'ची दोनच रोपं वाचली, बाकीच्या वाणांना फारसं काही झालं नाही. ३० मार्चला पाडवा झाला. गुढी तळघराच्या दाराशेजारी उभी केली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोपं मोठ्या कपांत हलवली. टोमॅटोचं रोप हलवताना खालच्या पानांपर्यंत खोल पुरायचं, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. उजेड कमी पडून काडीसारखी उंच झालेली रोपंही त्याने सुधारतात.

एप्रिलच्या मध्यापर्यंत दोन मुलाखती शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन परत फिरल्या होत्या. बायकोने शाळेचे दाखले, लसीकरणाचे कागद एका फाइलमध्ये लावले. तिने ते मला सांगितलं नाही आणि मीही बघितलं असं दाखवलं नाही. माझ्याकडे साठ-सत्तर रोपं होती आणि ती लावायला आम्ही असू की नाही माहीत नव्हतं. म्हणून मी ती वाटायला सुरुवात केली. मराठी मंडळातल्या मित्रांना, मुलीच्या शिक्षिकेला, लायब्ररीतल्या बाईंना. प्रत्येक कपावर वाणाचं नाव आणि एकच विनंती : 'आवडला तर बी धरा'.

काही रोपं शेजारच्या आजोबांना दिली. ते इटालियन वंशाचे, ऐंशीच्या पुढचे. अंगणात अंजिराचं झाड आहे, थंडीत त्याला गोधड्या आणि ताडपत्री गुंडाळून एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकासारखं सांभाळतात. त्यांनी रोपं घेतली, आत गेले आणि एक पिवळट पाकीट घेऊन आले. आत लांबट टोमॅटोचं बी. त्यांच्या वडिलांनी कालाब्रियाहून कोटाच्या अस्तरात शिवून आणलेलं, म्हणाले.

मी त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगितली. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने मसाल्याच्या डब्यात वालाची पुडी लपवली होती. ओतूरच्या आत्याकडचा वाल. आजीने लेकीला दिलेला, तेवढा एक तिच्या कुंपणावर वाचला होता. विमानतळावर कुत्र्याने बॅग हुंगली आणि पुडी गेली. अधिकारी सौजन्याने वागला, पण बी बाहेरच्या देशातून आणायला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र किंवा थोड्या बियांसाठीचा परवाना लागतो, आणि निदान फॉर्मवर लिहायला तरी हवं. नियमामागचं कारणही खरं आहे, बियांबरोबर रोग आणि किडे येतात. आई मात्र आठवडाभर म्हणत होती, ''मूठभर वालानं अमेरिकेचं काय बिघडणार होतं?'' आजोबा पोट धरून हसले.

गंमत म्हणजे वाल इथे मिळतो, पण फुलझाड म्हणून! जांभळ्या फुलांचा, जांभळ्या शेंगांचा वेल लोक कमानीवर चढवतात. व्हर्जिनियात थॉमस जेफरसनच्या माँटिसेलो इथल्या बागेतला त्याचा मांडव तर बघण्यासारखा. मीही तो कुंपणावर लावतो. कोवळ्या शेंगा नीट शिजवून भाजी करतो. शेजारच्या एक-दोघांनी घाबरून विचारलंय, ''तुम्ही ते शोभेचं झाड खाता?''

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उरलेली रोपं बाहेर काढायला लागलो. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग दोन तास, मग थोडं ऊन, थोडा वारा. आठ-दहा दिवसांनी रात्रभर बाहेर. नाहीतर दिव्याखाली वाढलेली रोपं खऱ्या उन्हात एका दुपारीत पांढरी पडतात.

एक्कावन्नाव्या दिवशी ऑफर आली. पगार आधीपेक्षा कमी, ऑफिस दीड तासावर, आठवड्यातून चार दिवस जायचं. मी वाटाघाटी केल्या नाहीत. नव्या कंपनीने अर्ज दाखल केला तो सत्तावन्नाव्या दिवशी. ती पावती आल्यावर बायको पहिल्यांदा रडली.

११ मेला सकाळी आम्ही तिघांनी मिळून रोपं लावली. वाटून उरलेली चौदा. आजोबा कुंपणापलीकडून त्यांची लावत होते. नानांना व्हिडिओ कॉल चालू होता आणि ते तिकडून ओरडत होते, ''अंतर ठेव! अंतर ठेव! एवढी जवळ लावलीस तर आत हवा कशी खेळणार?''

हे सगळं छान झालं असं सांगून लेख संपवता आला असता, पण जूनच्या शेवटी ग्राउंडहॉग आला. घुशीचा मोठा भाऊ म्हणा. कुंपणाखालून बीळ काढून त्याने एका रात्रीत चार झाडं साफ केली. त्यात दोन्ही 'मॉर्गेज लिफ्टर' गेली. घरचं त्याचं सगळं बी मी मार्चमध्येच पेरून टाकलं होतं. त्या वर्षी मी त्याचा एकही टोमॅटो खाल्ला नाही.

बाकीच्यांचं बी मात्र धरलं. पद्धत सोपी आहे. पिकलेल्या फळाचा गर बियांसकट पेल्यात काढायचा, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबू द्यायचा. वर पांढरी साय येते, वास येतो, बायको पेला गॅरेजमध्ये हाकलते. मग धुवायचं, तळाशी बसतं ते चांगलं बी. बशीत सुकवायचं आणि पाकिटावर नाव-वर्ष लिहून कोरड्या जागी ठेवायचं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी टोमॅटो, मटार, घेवडा, लेट्यूस यांचं बी धरावं, यांचा संकर सहसा होत नाही. भोपळ्याच्या नादी लागू नये, तो कोणाशीही सोयरीक जुळवतो. पहिला 'चेरोकी पर्पल' पिकला तेव्हा मुलीला तो लगेच खायचा होता. मी म्हटलं, सगळ्यात चांगला बियाला ठेवायचा. ती रुसली. शेवटी तडजोड झाली, बी मला आणि बाकीचा टोमॅटो तिला.

यंदा फेब्रुवारीत मंडळातल्या एका मित्राने हळदीकुंकवाच्या वेळी हातात पाकीट ठेवलं. त्याच्या बायकोच्या अक्षरात, देवनागरीत लिहिलेलं : 'कर्जफेड्या, २०२५'. आत तीसेक बिया. मी एप्रिलमध्ये घाईघाईने वाटलेल्या रोपांपैकी ते एक. त्यांच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीतल्या बादलीत वाढलेलं, जिथे ग्राउंडहॉग पोचत नाही.

हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, ''आईबी हेच करायची. बी एका घरी ठेवायची नाही. ओतूरला तिनं उगीच नव्हतं दिलं.'' मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, ''आत्याकडनं वाल आणलाय मी. विहिरीच्या बांधावर चार आळी केलीत. टोमॅटोच्या रांगा तशाच हायेत, त्याला हात नाही लावला.''

थोड्या बियांच्या परवान्यासाठी मी रीतसर अर्ज भरायला घेतला आहे. फॉर्म लांबलचक आहे, पण व्हिसाच्या फॉर्मपुढे काहीच नाही. परवाना मिळेपर्यंत आजीचा वाल विहिरीच्या बांधावर आणि ओतूरच्या कुंपणावर, दोन घरी आहे.

तळघरात दिवे चालू आहेत. 'कर्जफेड्या'च्या तीसपैकी बावीस बिया उगवल्यात. मदर्स डे यंदा १० मेला आहे. आठ रोपं आम्ही लावणार. चौदा वाटायची आहेत.